मांडव आधी, आचारी नंतर

(स्नेहमेळाव्यात ‘माझं काम’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर एक सूचना दिली आहे, ‘सोपं बोल’. ही सूचना फक्त मलाच का, हे मी विचारलेलं नाही. माझ्याआधी द्राक्षबागेवर बोलणं झालं, त्याआधी आपल्या डॉक्टर मैत्रिणीचं. दोघांच्या कामात बघण्यासारखं काहीतरी आहे. घड दिसतो, टाके दिसतात. माझं काम नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही, आणि बिघडलं तर पेपरात येतं. आमच्या आईने शेजारीपाजारी सांगायला एक वाक्य ठरवून टाकलंय, “ती बँकांचे कॉम्प्युटर बघते.” चुकीचं नाही, पण आज वीस मिनिटं आहेत तर जरा पुढे जाऊ.

बँका, विमा कंपन्या, रुग्णालयं, कारखाने यांना मोठं सॉफ्टवेअर लागतं. कर्जाचे अर्ज, पगार, मालाचा साठा, बिलं, सगळं त्यावर चालतं. हल्ली हे सॉफ्टवेअर कंटेनरच्या क्लस्टरवर बसवतात. ते मी लिहीत नाही. बसवतही नाही, बसवणारी माणसं ते विकणाऱ्या कंपनीकडून येतात. ती येण्याआधी जागा तयार आहे का हे बघणं, नसेल तर तयार करणं आणि शेवटी ‘तयार आहे’ असं लिहून खाली सही करणं, एवढं माझं काम.

आजचा हा मांडव ज्याने घातलाय तो आपल्याच वर्गातला, तुम्ही सगळे ओळखता. मी त्याला विचारलं, आचारी आला की पहिल्यांदा काय विचारतो? तो म्हणाला, “पाणी कुठंय, भट्टी कुठं लावू, आणि पान किती?” माझ्याकडे येणाऱ्या आचाऱ्यांचेही हेच प्रश्न असतात. फक्त ते चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये विचारलेले असतात.

आधी कंटेनर म्हणजे काय ते सांगते. हा शब्द खरोखर बंदरातूनच आलाय. पूर्वी जहाज भरायचं म्हणजे हमालांनी एकेक पोतं, एकेक खोका, एकेक पिंप उचलून आत न्यायचं. माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याच्या डोक्यात आलं की ट्रकवरची अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवावी. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं एक जुनं तेलवाहू जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. टनामागे सहा डॉलरच्या जवळपास लागणारा भराईचा खर्च सोळा सेंटच्या घरात आला. आपल्याकडचं न्हावा शेवा बंदर सुरू झालं १९८९ मध्ये, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा. तिथल्या क्रेनला पेटीत द्राक्षं आहेत की यंत्रं, याच्याशी काही देणंघेणं नसतं. पेटीचं माप ठरलेलं असलं की तिचं काम भागतं.

सॉफ्टवेअरमध्येही अडचण हमालीचीच होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मशीनवर चालायचा, दुसरीकडे नेला की अडायचा, कारण तिथे काहीतरी जास्त असायचं, काहीतरी कमी. मग लिहिणारा म्हणायचा, “माझ्याकडे तर चालतंय!” २०१३ मध्ये डॉकर नावाचं साधन आलं आणि प्रोग्रॅमला लागणारं सगळं त्याच्यासकट एका पेटीत भरून कुठेही नेणं सोपं झालं. पेट्या झाल्या शेकड्यांनी, मशीन दहा-वीस. कुठली पेटी कुठल्या मशीनवर ठेवायची, एखादं मशीन बंद पडलं तर त्यावरच्या पेट्या कुठे हलवायच्या, हे बघायला कोणीतरी हवं. ते काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटीज. गूगलने ते २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, पहिली पक्की आवृत्ती २०१५ च्या जुलैमध्ये आली. शब्द ग्रीक आहे, अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा. संस्कृतच्या सरांना आवडेल म्हणून सांगते, आपल्या ‘कर्णधार’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच, कर्ण म्हणजे सुकाणू. क्रिकेटमुळे आपण ते विसरलो. आणि कुबरनेटीज ज्या मशीनच्या ताफ्यावर राज्य करतं, तो ताफा म्हणजे क्लस्टर.

आता पाणी, भट्टी आणि पान.

पानापासून सुरू करते, कारण तिथे गणित आहे आणि गणिताचे सर समोर बसलेत. समजा सॉफ्टवेअरच्या कागदावर लिहिलंय की सगळ्या पेट्यांना मिळून ३०० जीबी मेमरी लागेल. तुमच्याकडे ६४ जीबीची सहा मशीन आहेत. सहा चोक चोवीस, सहा सक छत्तीस, हातचे दोन धरून ३८४. खरेदी विभाग म्हणतो, भरपूर झालं की. पण मशीन स्वतःसाठी थोडी मेमरी ठेवून घेतं, ऑपरेटिंग सिस्टीम आणि क्लस्टरची स्वतःची माणसं जेवायला बसतात. मशीनमागे ५७ उरली असं धरा. सहा मशीनची ३४२. अजूनही ३०० पेक्षा जास्तच. आता एक मशीन बंद पडू द्या. पाचाची झाली २८५. पंधरा जीबीची माणसं पंगतीबाहेर. म्हणजे ज्या दिवशी क्लस्टरची खरी गरज पडते, नेमका त्याच दिवशी तो कमी पडतो. सातवं मशीन घ्या म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, “ते नुसतंच बसून राहणार का?” खो-खोच्या संघात नऊ जण खेळतात आणि यादी बाराजणांची असते, हे मी आजवर तीन-चार संचालक मंडळांना सांगितलंय. आपल्या शाळेचा खो-खो इथे कामाला आला म्हणायचा.

शिवाय प्रत्येक पेटीने दोन आकडे सांगायचे असतात, किमान किती लागेल आणि जास्तीत जास्त किती घेईन. पहिला आकडा खोटा कमी लिहिला की कागदावर सगळं मावतं, आणि गर्दीच्या दिवशी मशीनची मेमरी संपून कुठल्यातरी पेटीला उठवून बाहेर काढावं लागतं. बाहेर काढताना क्लस्टर १३७ हा क्रमांक लिहून ठेवतं. आमच्या धंद्यातल्या कुणालाही रात्री तीन वाजता हा आकडा सांगा, तो पूर्ण जागा होईल.

पाणी म्हणजे डिस्क. पेटी येते-जाते, आज या मशीनवर, उद्या त्या. पण तिने लिहिलेल्या नोंदी जागेवरच राहायला हव्यात. डेटाबेसला स्वतःची, दुसऱ्या कुणी हात न लावणारी जागा लागते. स्कॅन केलेली कागदपत्रं मात्र पाचदहा पेट्यांना एकाच वेळी उघडायची असतात, त्यांना सामाईक जागा लागते. सार्वजनिक नळ आणि घरातला माठ, दोन्ही हवेत. पुष्कळ ठिकाणी एकच प्रकार असतो. आणि गंमत अशी की जागा मिळाली नाही तर क्लस्टर ओरडत नाही. तो फक्त ‘पेंडिंग’ असं दाखवतो आणि वाट बघत बसतो, सरकारी फायलीसारखा. बसवायला आलेली मुलं दोन दोन तास त्या शब्दाकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून ती यायच्या आधी मी एक छोटीशी पेटी सोडते, तिच्याकडून फाईल लिहून घेते, तिला मारते, दुसऱ्या मशीनवर उठवते आणि फाईल तिथे आहे का ते बघते. दहा मिनिटांचं काम आहे.

भट्टीचं म्हणाल, तर बँकांच्या क्लस्टरला इंटरनेट नसतं आणि नसावंच. त्यामुळे पेट्या थेट बाहेरून ओढता येत नाहीत. त्या आधी आणायच्या, तपासायच्या, बँकेच्या आतल्या गोदामात ठेवायच्या आणि प्रत्येक मशीनला त्या गोदामाची ओळख पटवून द्यायची. घड्याळं सगळीकडे एकच वेळ दाखवतात ना, हेही बघायचं. हसू नका. घड्याळ चुकीचं असेल तर आजच काढलेलं सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. सर्टिफिकेटवरून आठवलं. क्लस्टर उभा करायचं नेहमीचं जे साधन आहे, ते आतल्या बहुतेक सर्टिफिकेटांना एकच वर्षाची मुदत देतं. वर्षभर सगळं छान चालतं आणि बरोबर वाढदिवसाला क्लस्टर कुणाचंच ऐकेनासा होतो. तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची, यापलीकडे त्यात शहाणपण काही नाही.

आवृत्तीचंही एक आहे. आपल्याला सवय अशी की नवीन ते चांगलं. कुबरनेटीजच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला जेमतेम चौदा महिने आधार मिळतो. मध्येच जुन्या गोष्टी काढून टाकल्या जातात. १.२२ मध्ये अशा बऱ्याच गेल्या, १.२५ मध्ये सुरक्षेचा एक जुना नियमप्रकारच पूर्ण काढला. विकणाऱ्याच्या यादीत १.२४ लिहिलं असेल आणि तुम्ही हौसेने १.२५ टाकलंत, तर आचारी आला, पातेलं चुलीवर ठेवलं, आणि चुलीचा आकारच बदललेला.

किल्ल्यांवरून मात्र माझं दर वेळी भांडण होतं. बसवणारे म्हणतात, संपूर्ण क्लस्टरचे सगळे अधिकार द्या, काम पटकन होईल. मी त्यांना त्यांच्या खोलीची किल्ली देते. अख्ख्या क्लस्टरला हात लावणाऱ्या ज्या दोन-चार गोष्टी असतात, त्या बँकेच्या माणसाने स्वतः, कागद वाचून, आधी करून ठेवायच्या. याला अर्धा दिवस जास्त जातो. जाऊ दे. लग्नघरात आचाऱ्याला कोठीची किल्ली देतात, कपाटाची देत नाहीत.

आता क्लस्टरचा मेंदू. क्लस्टरमध्ये काय कुठे आहे याची वही एका छोट्या डेटाबेसात असते आणि ती वही तीन मशीनवर ठेवतात. काहीही लिहायचं तर तिघांतल्या दोघांचं एकमत लागतं. एक गेला तरी चालतं. चार ठेवले तर? तरीही एकच गेलेला चालतो, कारण चारात बहुमत तिघांचं. म्हणून तीन किंवा पाच. हे सगळ्यांना पाठ असतं. पण एका ठिकाणी मी बघायला गेले तर तिन्ही मशीन एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात तयार केलेली. तीन पंच, तिघेही एकाच रिक्षाने येणारे. कागदावर ‘तीन, स्वतंत्र’ असं लिहिलेलं होतं आणि लिहिणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे ते खरंही होतं.

कागद आणि जागा यांच्यातली ही दरी केवढी महाग पडते, याचं जगाने पाहिलेलं एक उदाहरण सांगते. ते कुबरनेटीजचं नाही, पण रोग तोच. ब्रिटनमध्ये टीएसबी नावाची बँक आहे, पन्नास लाखांवर ग्राहक. २०१८ च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी त्यांनी सगळी खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेली. खाती नीट हलली. पण सोमवार आला आणि माणसांना स्वतःचे पैसे दिसेनात. काहींना दुसऱ्यांचे दिसले. १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर अडकले. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. नंतर चौकशी झाली. नवी यंत्रणा एकाच वेळी दोन डेटा सेंटरमधून चालणार होती, आणि भार पेलण्याच्या चाचण्या झाल्या होत्या त्यांतल्या एकातच. दोन्हीकडची मांडणी सारखी असेल असं धरलेलं होतं. ती सारखी नव्हती. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंडांचा. मला या प्रकरणात दंडापेक्षा एक गोष्ट जास्त टोचते. तारीख ठरलेली होती, आणि ‘आम्ही तयार आहोत’ हे वाक्य वर जाता जाता अधिकाधिक ठाम होत गेलं. खाली ज्याला शंका होती त्याचं ‘बहुधा’ वरपर्यंत पोहोचलं नाही.

हे ब्रिटनमधलं झालं. आता जरा जवळ या. बँकेचं नाव सांगणार नाही, विचारूही नका.

आपल्याच राज्यातली एक बँक. शाखा अडीचशेच्या आसपास. कर्जाचे अर्ज, मंजुरी, कागदपत्रं यांचं नवं सॉफ्टवेअर एप्रिलअखेर सुरू करायचं होतं, कारण मे-जूनमध्ये खरिपाच्या पीककर्जाची गर्दी सुरू होते. क्लस्टर दुसऱ्या एका कंत्राटदाराने आधीच उभा करून दिलेला. मला तो तपासायला आणि सही करायला बोलावलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांची माणसं पाच दिवसांनी येणार, त्यांची तिकिटं काढलेली.

माझी यादी असते, एकशे दहा-वीस ओळींची. बैठकीत मी ती मोठ्याने वाचते, प्रत्येक ओळ. लोक कंटाळतात. एक ओळ अशी आहे, ‘क्लस्टरच्या आतले पत्ते बाहेरच्या कुठल्या पत्त्यांशी जुळतात का?’ पुढे कोणीतरी ‘नाही’ लिहिलेलं होतं. मी विचारलं, कोणी तपासलं? कोणीच बोलेना.

हे पत्ते म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक कॉम्प्युटरला चार आकड्यांचा पत्ता असतो. क्लस्टरमधल्या पेट्यांनाही असतो, त्यासाठी एक पट्टा राखून ठेवतात. कंत्राटदाराने पट्टा ठेवला होता १०.२४४ ने सुरू होणारा. त्याने तो काही मनाने काढलेला नव्हता. एका लोकप्रिय नेटवर्क सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातच तो छापलेला आहे, जगभर हजारोंनी तसाच उतरवून घेतलाय. मी तो मोठ्याने वाचला, “दहा, दोनशे चव्वेचाळीस.”

टेबलाच्या टोकाला बँकेचे एक जुने नेटवर्कवाले बसले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांना खरं तर वेगळ्याच कामासाठी, केबलच्या कुठल्यातरी बिलासाठी बोलावलेलं. ते म्हणाले, “दोनशे चव्वेचाळीस म्हणजे आपली खालची शाखा.”

वीस-बावीस वर्षांपूर्वी शाखांना पत्ते वाटले होते ते या काकांनीच. पद्धत साधी. पहिला आकडा दहा, दुसरा शाखेचा क्रमांक. पत्ता बघितला की शाखा कळावी. २४४ क्रमांकाची शाखा घाटाखालच्या एका छोट्या गावात होती. आजूबाजूच्या खेड्यांसाठी तीच एक.

पुढे काय झालं असतं ते बघा. सॉफ्टवेअर व्यवस्थित बसलं असतं. सगळे दिवे हिरवे. बाकीच्या सगळ्या शाखा चालल्या असत्या. फक्त त्या एका शाखेतून अर्ज पाठवला की तो क्लस्टरपर्यंत पोहोचला असता, आणि उत्तर परत जाताना क्लस्टरला वाटलं असतं की हा तर माझ्या घरातलाच पत्ता आहे. उत्तर आतल्या आतच हरवलं असतं. शाखेतल्या माणसासमोर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं असतं. आणि मुख्य कार्यालयात सगळे काय म्हणाले असते? “घाटातली लाईन आहे, खराब असेल.” कारण ती लाईन पूर्वीपासून खराब होतीच. ऐन पीककर्जाच्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकायला लागलं असतं. एसटीने येणाऱ्या माणसाचा एक दिवस आणि एक रोजगार. किती आठवडे, ते कुणास ठाऊक.

मी त्या ओळीपुढे ‘तयार नाही’ लिहिलं आणि खाली सही केली नाही.

मग सुरू झाले फोन. माझ्या साहेबांचा पहिला, कारण आमचं बिल सुरू होण्याच्या तारखेशी बांधलेलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांचा दुसरा, तिकिटांचं काय? बँकेचे सरव्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, एका शाखेसाठी?” त्यांचा प्रश्न अगदी बिनबुडाचा नव्हता. अडीचशेतली एक. आणि पेट्यांचा पत्त्यांचा पट्टा हा पायाचा दगड असतो, चालत्या क्लस्टरमध्ये तो सहजासहजी बदलता येत नाही. क्लस्टर पाडून पुन्हा उभा करायचा. त्यापेक्षा शाखेचेच पत्ते बदला, अशी सूचना आली. एका रात्रीचं काम, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा काका पुन्हा बोलले. एटीएम, पासबुक छापायचं मशीन, कॅमेरे, सगळ्यांना तेच पत्ते, आणि ते पत्ते आणखी चार ठिकाणच्या परवानगीच्या याद्यांत लिहिलेले. कुठल्या चार ठिकाणी, ते त्यांनी बोटावर मोजून सांगितलं.

मी एवढंच मांडलं की आज क्लस्टर रिकामा आहे. रिकामा मांडव उतरवून चार हात पलीकडे घालायला तीन दिवस लागतील. पंगत बसल्यावर नाही हलवता येत. सरव्यवस्थापक थोडा वेळ गप्प बसले आणि त्यांनी तारीख आठ दिवस पुढे ढकलली. अध्यक्षांना फोन त्यांनी स्वतः, आमच्यासमोर केला. त्यांचं मला कौतुक वाटतं. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईने नाही म्हणणं सोपं असतं, मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून जाते. त्यांना तिथेच राहायचं होतं.

काकांनी वही काढली, साधी, पुठ्ठ्याची, आणि कधीच कुणाला न दिलेला १७२ ने सुरू होणारा एक पट्टा आम्हाला काढून दिला. तिसऱ्या दिवशी क्लस्टर परत उभा राहिला. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी कंटाळा कोणी केला नाही, किंवा दाखवला नाही. चाचणीसाठी एक छोटं पान ठेवलं, त्यावर फक्त ‘नमस्कार’ एवढाच शब्द. काकांनी खालच्या शाखेत फोन लावला, कारकुनाला पत्ता सांगितला आणि रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “उघडलं. नमस्कार म्हणतोय.”

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम. तालीम म्हणजे, सगळ्यांसमोर, भरदिवसा, एक चालू मशीन आधी रिकामं करून आणि दुसरं काहीही न सांगता बंद करून बघायचं. पहिल्यात पेट्या शिस्तीत बाहेर पडतात. दुसऱ्यात पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, कारण मशीन खरंच गेलं की नुसतं गप्प आहे हे क्लस्टर आधी ठरवतं, आणि मगच पेट्या दुसरीकडे उठवतो. नेहमीच्या मांडणीत ही वाट बघणं साधारण पाच मिनिटांचं असतं. ती पाच मिनिटं बँकेच्या माणसांनी एकदा तरी डोळ्यांनी बघितलेली असावीत असा माझा आग्रह असतो. पुढे कधी रात्री तसं झालं तर घाबरून कोणी चालत्या मशीनला हात लावत नाही. त्यानंतर आम्ही वहीची, म्हणजे त्या छोट्या डेटाबेसाची, नक्कल काढली आणि नकलेवरून क्लस्टर परत उभा करून बघितला. नक्कल सगळेच काढतात. ती उघडते का, हे फार थोडे बघतात.

मग सॉफ्टवेअरवाली मुलं आली. सकाळी अकराला बसली, चारच्या चहाला उठली. त्यातला एक म्हणाला, “इथे काही करायलाच नव्हतं.” माझ्या कामाला मिळालेली ही आजवरची सगळ्यात चांगली पावती.

ते काका आता निवृत्त झालेत. त्यांची वही स्कॅन करून बँकेत ठेवली आहे. आणि माझी यादी तेव्हापासून एका ओळीने वाढली आहे. ती अगदी वर, मेमरी आणि डिस्कच्याही आधी आहे. ‘तुमच्याकडे पत्ते कोण वाटतं? त्यांना बैठकीला बोलावलंय का?’

इथल्या काहींची मुलं या क्षेत्रात येऊ बघतायत, आणि कालपासून दोघांनी मला बाजूला घेऊन कुठला कोर्स करायचा म्हणून विचारलंय. त्यांना जेवताना भेटते. जुना लॅपटॉप असेल तर घेऊन या, त्यावर छोटा क्लस्टर कसा उभा करायचा ते दाखवते. दोन जीबी मेमरी आणि दोन कोरचा प्रोसेसर असला तरी सुरुवातीपुरतं भागतं. पाडायला आणि परत उभा करायला तोच बरा.

संयोजक घड्याळ दाखवतायत.